फ्लॅशची ढिली मान

त्या रोलमधला एक फोटो बिघडला होता. बाकीचे बरे आले होते. मी हे लिहितोय ते त्या बिघडलेल्या फोटोबद्दल, कारण तो नीट आला असता तर माझ्या भाचीच्या डाव्या डोळ्यात काय वाढतंय हे आम्हाला कळलंच नसतं. निदान तेव्हा तरी नसतं कळलं. मला हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. जसं झालं तसं लिहितो.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा वसई पूर्वेच्या एका गाळ्यात प्रेस मशीन चालवतात. आई नालासोपाऱ्याच्या आमच्या खोलीत बसून खोट्या दागिन्यांचे मणी ओवते. कॉलेज सुटलं की मी एव्हरशाईन सिटीजवळ एका फोटो स्टुडिओत कामाला बसायचो. पासपोर्ट फोटो काढायचे, मागची भिंत पांढरी करायची, कपाळावरचा तेलकटपणा कमी करायचा. लोक बारशाचे, साखरपुड्याचे फोटो प्रिंट करायला आणतात. त्यात फ्लॅशमुळे पुष्कळांचे डोळे लाल आलेले असतात. ते काळे करणं हे माझं मुख्य काम. कॉम्प्युटरवर त्यासाठी सोय असते. लाल बुबुळावर क्लिक केलं की लाल जातो आणि काळा येतो. दिवसभरात मी इतके डोळे काळे करायचो की घरी जेवताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायला कसंतरी व्हायचं.

स्टुडिओवाल्या काकांच्या काचेच्या कपाटात एक जुना फिल्म कॅमेरा होता. सगळं हातानं करायचा. फोकस हातानं, उजेड किती घ्यायचा ते हातानं, रोल पुढे सरकवायचा तोही अंगठ्यानं. शेजारी त्याचा फ्लॅश होता, वेगळा, विटेएवढा जड, चार पेन्सिल सेलवर चालणारा. एक दिवस काकांनी दोन्ही माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "पडून पडून मरतील. वापर. पण पाडू नको."

त्या कॅमेऱ्याला फ्लॅशबद्दल काहीच माहीत नसतं. वरच्या पट्टीत फ्लॅश सरकवून बसवायचा, एवढाच त्यांचा संबंध. किती लांबवर माणूस आहे, भिंत कशी आहे, हे तुम्ही ठरवायचं. कॅमेऱ्याच्या चकतीवर एक आकडा लाल रंगात लिहिलेला असतो, शटर त्याच्यापेक्षा जलद ठेवायचं नाही. पहिल्या रोलमध्ये मी ते विसरलो आणि निम्म्या फोटोंवर अर्धा काळा पडदा आला. आईचा चेहरा नाकापर्यंत होता, पुढे काहीच नाही. आईनं तो फोटो उलटा ठेवला आणि म्हणाली, "असले फोटो घरात आणू नको रे."

फ्लॅश सुरू केला की आतून बारीक आवाज यायचा, चिंऽऽ करत वर चढत जाणारा. मग तो कानाला ऐकू येईनासा व्हायचा आणि मागे नारिंगी दिवा लागायचा. म्हणजे तो भरला, आता उडवता येईल. पहिल्यांदा तो आवाज ऐकून आईनं मणी ओवायचं थांबवलं. "ह्यात काय जिवंत आहे का?" तिनं विचारलं.

त्या फ्लॅशचं डोकं वर वळवता यायचं. थेट तोंडावर उजेड मारण्याऐवजी छतावर मारायचा, मग तो सगळीकडे पसरून खाली येतो आणि चेहरा छान दिसतो. पण डोक्याच्या सांध्यातली पकड झिजली होती. वर केलेलं डोकं कधी कधी आपोआप पुढे पडायचं. "मान ढिली आहे त्याची," काका म्हणाले होते. "चिकटपट्टी लावत जा." मी वायरिंगची काळी पट्टी लावायचो. उन्हात तिचा गोंद वितळून बोटांना लागायचा.

ताईला भाचीच्या जावळाचे फोटो कागदावर हवे होते. ताईचं सासर हायवेपलीकडे, कामणकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात आहे. घराच्या मागे भाताची शेतं, त्यापुढे खाडी आणि बंद पडत आलेली मिठागरं. आधीच्या पावसाळ्यात घरात पाणी शिरलं तेव्हा ताईचा फोन त्यात गेला आणि त्याच्याबरोबर मुलीचे जन्मापासूनचे सगळे फोटो गेले. तेव्हापासून तिचा फोनवर विश्वास नव्हता. "तुझ्या त्या डबड्यानं काढ," ती म्हणाली. "हातात धरता येतील असे."

अडचण एवढीच होती की जावळ मामाच्या मांडीवर काढतात. आणि मामा मी एकटाच. म्हणजे फोटो काढणारा मी, आणि फोटोत बसणाराही मीच.

"मग मी काय मेलो का?" भावोजी म्हणाले. "बटण दाबायला कॉलेज लागतं काय?"

मी सकाळीच पोचलो. भाची वर्षाची होऊन थोडे दिवस झाले होते. ओटीवर भावोजींची आई तिला घेऊन बसली होती. मी त्यांना मावशी म्हणतो. मी पिशवीतून फ्लॅश काढला तशी त्यांनी मुलीचं तोंड पदरात घेतलं.

"ती बत्ती पोरीच्या डोळ्यांवर मारायची नाय हां. सांगून ठेवते."

"नाही मावशी. छतावर मारणार आहे. उजेड वरून येतो मग. मऊ येतो."

"उजेड कधी मऊ असतो का?"

"असतो आई," भावोजी आतून म्हणाले. "कॉलेजात शिकवतात. कडक उजेड, मऊ उजेड. फी त्याचीच घेतात."

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी पदर बाजूला करून मुलीची हनुवटी वर उचलली. "हिच्या डाव्या डोळ्यात चांदनी हाय. तुला म्हाइत हाय का? दिवेलागनीला हितं घेऊन बसले आनि आतला दिवा लागला की चमकते. मी चार पोरं वाढवली, पन असं कोनाच्या डोळ्यात नाय पाहिलं. लक्षुमी हाय ती. तुझ्या बत्तीनं विझंल."

मी वाकून बघितलं. सकाळच्या उजेडात दोन्ही डोळे सारखेच दिसले, काळे आणि ओले. ताई दारात उभी होती. ती म्हणाली, "चहा गार होतोय," आणि आत गेली.

न्हावीदादा आले तेव्हा लाइट गेलेली होती. मुलीला पूर्वेकडे तोंड करून बसवायचं होतं आणि त्या घराचं दार पश्चिमेला. म्हणजे दार आमच्या पाठीशी आणि तिचं तोंड आतल्या अंधाराकडे. मी भावोजींना कॅमेरा लावून दिला. शटर लाल आकड्यावर, भिंग छताच्या हिशेबानं जास्त उघडं, फोकस ठरवून ठेवलेला. त्यांना लादीच्या एका रेघेवर उभं केलं आणि सांगितलं की पुढेमागे सरकायचं नाही, मागचा नारिंगी दिवा लागला की मगच दाबायचं.

"म्हणजे सिग्नल दिसल्यावर गाडी सोडायची," भावोजी म्हणाले. "इतकं तर रिक्षावाल्यालाही कळतं."

"रिक्षावाला सिग्नल बघतो?" न्हावीदादांनी वस्तरा हातावर फिरवत विचारलं, आणि सगळे हसले.

मी पाटावर बसलो. भाची मांडीवर आली. तिचं डोकं मला दोन्ही हातांनी स्थिर धरायचं होतं. डोकं गरम होतं आणि टाळूवर हात ठेवला की खाली काहीतरी धडधडत होतं. ती रडू नये म्हणून ताई बत्तासा दाखवत होती. ताईनं तो डावीकडून पुढे केला तेव्हा भाचीनं बघितलं नाही. गालाला लागला तेव्हा ती दचकली. ताईनं तो उजवीकडे नेला, लगेच हात आला. "लबाड आहे," न्हावीदादा म्हणाले. "उजव्या बाजूनं दिलं तरच घेते. मानकरीण आहे." आम्ही सगळे पुन्हा हसलो. वस्तरा खरखर करत होता आणि समोरच्या अंधारात फ्लॅशचा आवाज चिंऽऽ करत चढत होता.

पहिले काही फोटो ठीक गेले. फ्लॅश उडायचा तेव्हा छत पांढरं व्हायचं, वरचे पत्रे आणि जळमटं क्षणभर दिसायची आणि परत काही दिसत नसे. मग खट् असा हलका आवाज आला. मी ओळखला. पट्टी सुटली होती आणि डोकं पुढे पडलं होतं. मी वर बघून "थांबा" म्हणायला तोंड उघडलं, तोवर भावोजींनी दाबलं होतं.

थेट डोळ्यांत आला तो उजेड. कितीतरी वेळ मला एका हिरव्या डागाशिवाय काही दिसेना. मांडीवर भाची रडली नाही. तिनं मूठ वर केली आणि डोळा चोळला. एकच. उजवा.

"मारलीस ना शेवटी!" मावशी ओरडल्या.

"मी काय केलं? त्यानंच मान टाकली!" भावोजी कॅमेरा अंगापासून लांब धरून उभे होते, जणू तो चावणार आहे.

मावशींनी चुलीकडून मीठ-मोहरी आणली, मुलीवरून ओवाळली आणि निखाऱ्यावर टाकली. मोहरी तडतडली. "बघ किती दृष्ट होती," त्या म्हणाल्या. पुढचे फोटो काढू नयेत असं कोणी म्हटलं नाही, पण मीच फ्लॅश काढून पिशवीत ठेवला.

रोल संपला तेव्हा मुंबईला धुवायला पाठवला. वसईत आता ते काम कोणी करत नाही. धुऊन झालं की ते फोटो फोनवर पाठवतात, निगेटिव्ह नंतर येते. फोटो आले तेव्हा मी स्टुडिओतच होतो, दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं. जावळाचे फोटो खरंच चांगले आले होते. छतावरून आलेला उजेड, वाकलेले न्हावीदादा, ताईच्या हातातला बत्तासा. आणि मधेच तो एक. भिंग छताच्या हिशेबानं उघडं होतं आणि उजेड थेट पडला होता, त्यामुळे सगळे चेहरे पिठात बुडवल्यासारखे पांढरे. माझं तोंड उघडं. तो टाकूनच द्यायचा होता. पण भाची त्यात सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती, एकट्या त्याच फोटोत, म्हणून मला वाटलं सुधारून बघावा.

मी उजेड कमी केला. चेहरे थोडे वर आले. मग सवयीनं डोळ्यांकडे गेलो. माझे दोन्ही डोळे लाल होते, क्लिक, क्लिक, काळे झाले. भाचीचा उजवा डोळा लाल होता. क्लिक, काळा झाला. डाव्यावर क्लिक केलं, काहीच झालं नाही.

परत केलं. काही नाही. ती सोय फक्त लाल शोधते. तिथे लाल नव्हतं.

मी फोटो मोठा केला. डाव्या बुबुळाच्या जागी पांढरं होतं. चमकणारा ठिपका नव्हे, तो उजेडाचा असतो आणि सगळ्यांच्या डोळ्यांत असतो. हे पूर्ण गोल भरलेलं होतं, पिवळट पांढरं, उकडलेल्या माशाच्या डोळ्यासारखं. मी तिन्ही डोळे पुन्हा पहिल्यासारखे लाल करून ठेवले. कॅमेऱ्याकडे बघणारे चार डोळे होते. तीन लाल आणि एक पांढरा.

काकांना हाक मारली. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "खिडकीचं काहीतरी पडलं असेल. काळा रंग भरून टाक ना हातानं. कोणाला कळणार आहे?"

"तिथे खिडकी नव्हती, काका."

"मग राहू दे," ते म्हणाले, आणि कपाटाची काच पुसायला लागले. पुसलेलीच काच ते पुसत होते.

लाल डोळा का येतो, हे मला इतके डोळे काळे करूनही माहीत नव्हतं. फोनवर शोधलं. उजेड बुबुळातून आत जातो, मागच्या पडद्यावर आपटून परत येतो, आणि पडद्यात रक्त असतं म्हणून लाल दिसतो. म्हणजे लाल ही चांगली खूण आहे. आतपर्यंत वाट मोकळी आहे. मग पांढऱ्याबद्दल वाचलं. इंग्रजीत होतं, मी एकेक वाक्य थांबून वाचलं. मोतीबिंदू असू शकतो. आणखी काही काही असू शकतं. लहान मुलांत एक गाठ असू शकते. गाठीसाठी पुढे जो शब्द होता तो मात्र पहिल्या वाचनातच कळला. तो आम्ही मराठीतही तसाच म्हणतो, आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या कोणाला तो झाला तर आई हळू आवाजात म्हणते.

संध्याकाळी बाबा गाळ्यावरून आले. मी त्यांना फोटो दाखवला आणि वाचलेलं सांगितलं. ते बराच वेळ हात पुसत राहिले. त्यांच्या हातांचं ऑइल कधीच पूर्ण जात नाही.

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही."

"मुलीच्या सासरी जाऊन असलं बोलायचं म्हणजे... उद्या खोटं निघालं तर?"

"खोटं निघालं तर बरंच होईल ना, बाबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. घरात कुठलाही कागद आला की ते तो माझ्यापुढे करतात, "वाच, काय म्हणतात" असं म्हणून. मी वाचतो आणि ते ठरवतात. त्या दिवशी ते म्हणाले, "मग जा. पण आधी ताईशी बोल. म्हातारीसमोर नको."

दुसऱ्या दिवशी मी फोटोचा प्रिंट काढला आणि कॉलेजला न जाता शेअर रिक्षानं ताईकडे गेलो. वाटेत हायवेवर चिंचोटीच्या धबधब्याला निघालेली मुलं ओरडत जात होती. मी पाकीट शर्टाच्या आत ठेवलं होतं. घामानं चिकटू नये म्हणून सारखा हात लावून बघत होतो.

पण ताई पाणी भरायला गेली होती आणि ओटीवर मावशीच होत्या. "फोटो आनलेस काय?" म्हणत त्यांनी पाकीट घेतलंच. मला नाही म्हणता आलं नाही. सगळ्यात वर तोच होता.

त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. मग त्यांचा चेहरा उजळला. मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं.

"अगो बाय! चांदनी आली की फोटोत!" त्यांनी भावोजींना हाक मारली. "ये, बघ! मी सांगत होते तर कोनी ऐकत नव्हता. आता बघा. हा मोठा करून आन रे मामा. देवाच्या बाजूला लावू."

भावोजी फोटो बघून हसले. "म्हणजे मी काढलेलाच भारी आला. कॉलेजवाल्याचे नुसते छताचे."

मी काय बोलावं ते कितीदा तरी मनात जुळवून आलो होतो. त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी म्हणालो, "मावशी, ती चांदणी नाही." मग मधेच थांबत, चुकत, मागेपुढे करत सगळं सांगितलं. लाल का असायला हवा ते. पांढरं म्हणजे वाट बंद आहे ते. शेवटचा शब्द मी म्हटला नाही. "डॉक्टरला दाखवायला हवं, लवकर," एवढंच म्हटलं.

मावशींनी फोटो मांडीवर ठेवला. "तुझ्या बत्तीनंच केलं हे."

"मावशी, त्याच उजेडात काढलेला हा फोटो आहे. ते आधीपासून..."

"मी सांगितला होता डोळ्यांवर मारू नको. मोहरी किती उडाली तेव्हा! आनि आता येऊन सांगतोस डोळा गेला? शिकलास म्हनून काय पन बोलशील?"

"आई, जरा थांब," भावोजी म्हणाले.

माझ्याकडे एक फोटो होता आणि फोनवर अर्धवट समजलेलं एक पान. तेवढ्यात ताई कळशी घेऊन आली. तिनं आमच्या तोंडांकडे बघितलं, मावशींच्या मांडीवरचा फोटो बघितला, आणि कळशी खाली ठेवली. तिनं विचारलं नाही काय झालं म्हणून.

भाची लादीवर बसून बिस्किट चघळत होती. केस नसलेलं तिचं डोकं फार लहान दिसत होतं. ताई तिच्यामागे जाऊन बसली. हात पदराला पुसला आणि मुलीचा डावा डोळा तळव्यानं झाकला. भाची बिस्किट खात राहिली. लादीवर पडलेला चुरा तिनं बोटानं टिपला. तिला काही फरकच पडला नव्हता.

मग ताईनं हात उचलला आणि उजवा डोळा झाकला.

भाची किंचाळली. दोन्ही हातांनी ती ताईचा तळवा ओढायला लागली, बिस्किट पडलं, ते तिच्या समोरच पडलं होतं आणि ती ते शोधत नव्हती. ताईनं हात काढला. मुलीनं लगेच बिस्किट उचललं आणि गप्प झाली.

मागे खाडीवर कुठेतरी पंप चालू होता तो ऐकू येत होता.

"मी असं करून बघितलं होतं," ताई म्हणाली. "मागच्या महिन्यात. मग परत नाही केलं." ती रडत नव्हती. मावशींकडे बघून म्हणाली, "आई, मी हिला आजच नेते." मावशींनी तोंड भिंतीकडे केलं. पण आम्ही निघालो तेव्हा त्याच आधी चपला घालून रस्त्यावर उभ्या होत्या.

वसईच्या डॉक्टरांनी खोली अंधारी करून आधी उजवा डोळा बघितला, मग डावा. डाव्यावर ते फार वेळ थांबले नाहीत. त्यांनी लाइट लावली आणि फोटो परत मागितला. "हा कोणी काढला?" भावोजी आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. डॉक्टर म्हणाले, "उद्याच मुंबईला जा. परवा नाही."

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तो शब्द तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सरळ उच्चारला. पडद्यावर गाठ होती आणि डोळा तिनं भरून गेला होता. डोळा वाचणार नाही, तो काढावा लागेल. तो काढला तर मूल वाचेल असं आम्हाला वाटतंय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाटतंय" हा शब्द मी घरी येताना सारखा मनात उलटून बघत होतो.

मावशींनी त्यांना एकच विचारलं. "डाक्टरीनबाय, बत्तीनं झाला का हा?"

"नाही आजी. बत्तीनं दिसलं."

मावशींनी मान हलवली. नंतर कॉरिडॉरमध्ये बाकावर बसल्यावर त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आनि मी रोज संध्याकाळी तिला दिव्याकडे धरायचे रे. चमकावी म्हनून." मी त्यांना पाण्याची बाटली दिली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ताईनं मला कॅमेरा आणायला सांगितला. फ्लॅश नको म्हणाली. खिडकीजवळ मी एकच फोटो काढला. त्यात दोन्ही डोळे काळेभोर आहेत, काही झालंच नाही असे. तो फोटो ताईनं कपाटात कुठेतरी ठेवलाय आणि तो कोणी मागत नाही.

भाची आता बोलते, पळते. डाव्या जागी बसवलेला डोळा आहे. तो इतका हुबेहूब आहे की नवीन माणसाला कळत नाही, फक्त तो जरा उशिरा वळतो. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की दुसऱ्या डोळ्यावर लक्ष ठेवायचं. ठराविक दिवसांनी न्यायचं, भूल देऊन आत बघतात. त्यांनी हेही सांगितलंय की फोटोवर विसंबू नका, फोटो चुकतो. आम्ही विसंबत नाही. एकही तारीख चुकवलेली नाही.

तरी प्रत्येक तारखेच्या आधी ताई मला बोलावते. फोननं करून बघितलं होतं, पण फोन स्वतःच लाल पुसून टाकतो. म्हणून मी तोच कॅमेरा नेतो. आता चिकटपट्टी लावतो ती फ्लॅशचं डोकं सरळ राहावं म्हणून. दिवेलागणीला मावशी स्वतः उठून दार ओढून घेतात, ट्यूब बंद करतात आणि देव्हाऱ्यातला दिवाही पदराआड धरतात. भावोजी मुलीला मांडीवर घेतात. फ्लॅश भरायला लागला की भाची त्याच्याबरोबर तोंडानं चिंऽऽ करते. तिला तो खेळ वाटतो. नारिंगी दिवा लागला की तीच ओरडते, "मामा, आला!"

मग उजेड. ती उजवा डोळा चोळते आणि हसते.

"आला का लाल?" मावशी दरवेळी अंधारातच विचारतात.

"रोल आहे मावशी. धुऊन आल्याशिवाय नाही कळणार."

"बरा," त्या म्हणतात, आणि ट्यूब लावायला लगेच उठत नाहीत.

आजवर प्रत्येक वेळी लाल आलाय. स्टुडिओत एकदा काकांनी माझ्या मागून स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्या पोरीचा डोळा काळा करायचा राहिलाय." मी म्हटलं, "राहू दे, काका."

ह्या वेळचा रोल सोमवारी मुंबईला गेला. फोटो कधीही येतील. पुढची तारीख अजून लांब आहे, पण ताई आत्ताच दोनदा फोटोचं विचारून गेली. गेल्या आठवड्यात भाची दारातून आत येताना उंबऱ्याला अडखळली. मुलं अडखळतात. मी फोन टेबलावर पालथा ठेवून हे लिहीत बसलोय.